विमानाचे मैल आणि बोरीची पुस्तिका

या वर्षीच्या व्याख्यानासाठी आम्ही विषय कळविला, तेव्हा मालेच्या चालकांनी पहिला प्रश्न हाच केला की, बोरीहून विमानतळ किती लांब? प्रश्न रास्त होता. बोरीला रेल्वेही नाही. जिंतूर–परभणी रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहणे हाच आमचा सनातन प्रवास. विमान म्हटले की नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे, आणि आखातात जाणारा पोरगा तर मुंबईलाच किंवा हैदराबादला जाऊन चढतो. अशा गावातल्या मंडळींनी विमान कंपन्यांच्या नित्यप्रवासी योजनेची, म्हणजे 'पॉइंट' आणि 'मैल' यांची, मराठी पुस्तिका तयार करावी, हे ऐकून कोणी हसले तर त्यांचा दोष नाही. आम्हीही प्रथम हसलोच होतो.

परंतु झाले असे की, एका सुताराचा मुलगा आखातातून सहा वर्षांनी परत आला. दरसाल तो एकाच कंपनीच्या विमानाने आला-गेला. त्याच विमानात शेजारी बसलेल्या माणसाने आपल्या बायकोचे तिकीट पॉइंटांवर काढल्याचे त्याला सांगितले. मुलगा घरी आल्यावर आमच्याकडे येऊन विचारू लागला, "काका, आमचे पॉइंट कोठे गेले?" कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की त्याचे पाय आपोआप नियमाच्या पुस्तकाकडे वळतात. आम्ही चार-सहा जणांनी ते नियम मागविले. ते इंग्रजीत होते, बारीक टाइपात होते आणि लांबलचक होते. शेवटी एक कलम होते की, कंपनी यातील कोणताही नियम केव्हाही बदलू शकते. ते कलम वाचल्यावर मात्र आमचे हसू थांबले. या वस्तूचा इतिहास पाहिला पाहिजे, असे तेव्हाच ठरले.

इतिहासाची सुरुवात आम्ही विमानापासून करीत नाही, नाण्यापासून करतो. हा मुलूख निजामाचा होता. आमचे आजोबा बाजाराला निघाले की कनवटीला दोन प्रकारचे रुपये बाळगीत, एक हाली सिक्का आणि दुसरा कळदार. सात हाली म्हणजे सहा कळदार हा भाव १९५० साली भारतीय रुपया येथे चालू झाला तेव्हाही धरला गेला. हाली नाणे कायमचे चलनातून गेले ते १९५९ साली. त्या पिढीला एक गोष्ट न शिकविता कळत होती की, रुपया म्हणजे नुसता रुपया नव्हे. तो कोणाचा, कोठे चालतो आणि आज काय भावाने चालतो हे विचारूनच तो मुठीत घ्यावा.

दुसरे उदाहरण आमच्या चळवळीतले. आसाम-सिल्हेटकडील चहामळ्यांत मालक स्वतःची टोकने पाडीत आणि मजुराला त्यांतच मजुरी देत. इंग्लंडातही कारखानदार मजुरीऐवजी आपल्याच दुकानातला माल मजुरांच्या गळ्यात मारीत. १८३१ साली तेथे त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने सांगितले की, मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांतच दिली पाहिजे. पुढे त्यात धनादेश आणि बँकेचा मार्ग आला, पण २०१९ च्या वेतन संहितेनेही तत्त्व तेच ठेवले. मालकाने स्वतः पाडलेल्या नाण्यात मजुराचे देणे फिटत नाही, हे कायद्याने मान्य करायला किती वर्षे आणि किती संप लागले, ते येथे सांगत बसलो तर विमान सुटेल. आमचा मुद्दा एवढाच की, विमान कंपनीचा पॉइंट हे अशाच जातीचे नाणे आहे. ते कंपनी पाडते, ते कंपनीच्याच दुकानात चालते आणि त्याचा भाव कंपनीच ठरविते. फरक इतका की, ते मजुराला दिले जात नाही, गिऱ्हाइकाला दिले जाते; आणि गिऱ्हाइकासाठी १९३६ चा कायदा नाही.

आता विमानाकडे वळू. अमेरिकेत कोणत्या मार्गावर कोणी उडावे आणि काय भाडे घ्यावे हे पूर्वी सरकारी मंडळ ठरवी. १९७८ च्या कायद्याने ते बंधन काढले. सगळ्या कंपन्या सगळीकडे उडू लागल्या, भाडी घसरली, आणि उतारू आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे जाऊ लागला. आता त्याला धरून ठेवायचे कसे? दुकानदारांनी ही युक्ती फार पूर्वी शोधली होती. स्पेरी आणि हचिन्सन या पेढीने १८९६ साली हिरवी तिकिटे काढली. दुकानात माल घेतला की ती मिळत, गृहिणी ती वहीत चिकटवीत, आणि वही भरली की पेढीकडून दिवा, चादर, भांडे असे काही मिळे. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ साली मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली. परंतु जिने या प्रकाराला आजचे रूप दिले ती अमेरिकन एअरलाइन्स. १ मे १९८१ रोजी तिची 'ॲडव्हांटेज' योजना सुरू झाली. तारीख पाहा, कामगार दिन! त्या कंपनीजवळ आरक्षणाचे मोठे संगणकयंत्र होते आणि कोण वारंवार प्रवास करतो हे त्या यंत्राला ठाऊक होते. वहीत तिकिटे चिकटविण्याचे काम यंत्राकडे गेले. युनायटेडने थोड्याच दिवसांत आपली योजना काढली आणि मग कोणालाच मागे राहता येईना.

येथपर्यंत ही गोष्ट दुकानदारीची होती. १९८७ साली सिटीबँकेने त्या ॲडव्हांटेज योजनेशी जोडलेले क्रेडिट कार्ड काढले आणि गोष्टीचे स्वरूप पालटले. बँक कंपनीकडून मैल विकत घेऊ लागली आणि कार्डावर किराणा घेणाऱ्याला ते वाटू लागली. म्हणजे विमानात पाऊलही न ठेवता मैल मिळू लागले, आणि कंपनीला उड्डाणाबरोबर नाणे पाडण्याचाही धंदा मिळाला. हा धंदा केवढा वाढला ते २०२० साली महामारीत विमाने जमिनीवर बसली तेव्हा दिसले. युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने त्याच मार्गाने ९०० कोटी. विमाने उभी होती, वैमानिक घरी होते, आणि सावकार पैसे देत होता तो या वहीवर. आमच्याकडे शेतकरी सातबारा घेऊन बँकेत जातो, तसे त्यांनी उतारूंच्या सवयीचा सातबारा काढला.

आणि उतारूच्या हातात काय? येथे दोन खटले सांगणे अवश्य आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ साली नियम बदलले. बक्षिसाच्या जागांवर मर्यादा आल्या, काही तारखा बंद झाल्या, आणि हे सारे आधी जमविलेल्या मैलांनाही लागू झाले. सभासद कोर्टात गेले. १९९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्याच्या ग्राहक-कायद्याखाली तक्रार चालणार नाही, मात्र करार मोडल्याचा दावा चालेल. दुसरा खटला गिन्सबर्ग नावाच्या धर्मगुरूंचा. नॉर्थवेस्ट कंपनीने २००८ साली त्यांचे सभासदत्व रद्द केले. ते वारंवार तक्रारी करतात, असे कंपनीचे म्हणणे. कंपनीने प्रामाणिकपणे वागले नाही, असा त्यांचा दावा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. नियमांत काढून टाकण्याचा अधिकार कंपनीच्या एकटीच्या मर्जीवर ठेवला होता आणि १९७८ चा कायदा आड आला. हा निकाल आम्ही आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा हमाल संघटनेतले एक वृद्ध सभासद म्हणाले, "म्हणजे बदली कामगारासारखेच की!" त्याहून चांगले भाष्य आम्हांला सुचले नाही.

जेथे एक पक्ष नियम लिहितो तेथे दुसरा पक्ष ते नियम एकमेकांना वाचून दाखवू लागतो. हा मनुष्यस्वभाव आहे. अमेरिकेत रँडी पीटरसन नावाच्या गृहस्थांनी १९८६ साली 'इनसाइडफ्लायर' नावाचे नियतकालिक काढले. कोणत्या कंपनीने काय बदलले, कोणते बक्षीस परवडते, हे उतारूंनी उतारूंना सांगायचे. त्यातून एक वेगळीच विद्या जन्माला आली. या विद्येचा कळस म्हणून १९९९ सालची गोष्ट सांगतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याच्या लक्षात आले की, एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील चिठ्ठ्या पाठविल्या तर मैल मिळतात, आणि त्या कंपनीची सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पुडिंगची वाटी. त्यांनी १२,१५० वाट्या घेतल्या. एवढे खाणार कोण आणि चिठ्ठ्या सोलणार कोण? त्यांनी वाट्या धर्मादाय संस्थेला दिल्या आणि स्वयंसेवकांकडून चिठ्ठ्या सोलवून घेतल्या. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्चात साडेबारा लाख मैल पदरात पडले. आमच्या तरुण मंडळींना ही गोष्ट फार आवडली. आम्हांला ती आवडली आणि तिची थोडी भीतीही वाटली. अशा गोष्टी सांगितल्या की प्रत्येकाला आपणच फिलिप्स होणार असे वाटते, आणि कार्डावरचे व्याज चढत राहते. पुस्तिकेत ही कथा घालावी की नाही यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी ती गाळली.

आपल्या देशाचा भाग थोडक्यात पण नीट सांगितला पाहिजे, कारण त्यातच आमच्या विषयाचे मर्म आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन उडाले. १९५३ साली विमानवाहतूक राष्ट्रीय झाली. पुढली चाळीस वर्षे उतारूला फारशी निवडच नव्हती; आणि ज्या गावात एकच दुकान असते तेथे गिऱ्हाइकाला कोथिंबिरीची काडीही वर मिळत नाही. नव्वदीच्या दशकात खासगी कंपन्या आल्या. जेट एअरवेज ५ मे १९९३ रोजी उडू लागली. मग निष्ठेला भाव आला. एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स', जेटची 'जेटप्रिव्हिलेज', किंगफिशरची 'किंग क्लब' अशा वह्या उघडल्या. इंडिगो २००६ साली आली आणि स्वस्त तिकीट व वेळेवर उड्डाण यांवर अठरा वर्षे अशा योजनेवाचून चालली. २०२४ साली तिनेही 'ब्लूचिप' काढली. फ्लाइंग रिटर्न्सचे नाव २०२५ साली 'महाराजा क्लब' झाले. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडविलेला तो मिशाळ महाराजा. संस्थाने गेली, आमचा निजाम गेला, हा एक राहिला!

किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. पॉइंट कंपनीच्याच वहीत होते. वही बुडाली तसे तेही बुडाले. कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार तर त्याआधीच थकले होते.

जेटची हकीकत निराळी. २०१४ साली तिच्या पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीत काढली गेली आणि अबुधाबीच्या एतिहादने १५ कोटी डॉलर देऊन त्या कंपनीचा ५०.१ टक्के भाग घेतला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले. दुसऱ्या दिवशी हजारो कामगार रस्त्यावर होते. त्यांचे पगार थकले होते, ग्रॅच्युइटी अडकली होती. आणि सभासदांना काय कळविले गेले? तुमचे पॉइंट सुरक्षित आहेत. दुसऱ्या कंपन्यांच्या तिकिटांवर, हॉटेलांत, वस्तूंवर खर्च करा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या योजनेचे नाव 'इंटरमाइल्स' झाले. इकडे कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी नव्या मालकाने दिली पाहिजे, हा अपील न्यायाधिकरणाचा हुकूम जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. नवा मालक प्रत्यक्षात उभा राहिलाच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला.

आम्ही हे दोन्ही हिशेब एका कागदावर शेजारी शेजारी मांडून बैठकीत ठेवले. एका बाजूला ज्याने वर्षाला चार वेळा प्रवास केला त्याची वही, दुसऱ्या बाजूला ज्याने वीस वर्षे सामान चढविले त्याची. पहिली वही शाबूत राहिली, कारण ती वेळीच वेगळ्या खोलीत नेऊन ठेवली होती आणि त्या खोलीला भाव होता. दुसरीला कोणी वेगळी खोली दिली नव्हती. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग निवृत्त शिक्षक असलेले आमचे एक सहकारी उठले आणि म्हणाले, "मग आपण ही पुस्तिका काढून कंपन्यांची जाहिरातच करतो आहोत. बंद करा." त्यांचे म्हणणे टाकण्यासारखे नव्हते. आम्ही त्यांना उत्तर दिले ते असे: पगाराची चिठ्ठी वाचायला आपण मजुराला शिकवितो, तेव्हा मालकाची जाहिरात करतो काय? सुताराच्या पोराने तिकिटाचे पूर्ण पैसे दिले आहेत. बक्षिसाचा खर्च त्या भाड्यातच धरलेला आहे. ज्याला नियम ठाऊक नाहीत तो ठाऊक असलेल्याचे तिकीट भरतो. गुरुजी पूर्ण पटले नाहीत, पण मुद्रिते तपासायला मात्र तेच बसले. शुद्धलेखनाच्या बाबतीत त्यांना कोणाचा भरवसा नाही.

पुस्तिका सोळा पानांची झाली. ती घडविताना आम्हांला जे कळले त्यातले दोन-तीन मुद्दे येथे नोंदवितो. पहिला नावाचा. मराठी माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असे तीन तुकडे घेऊन हिंडतो. पारपत्रावर बापाचे नाव स्वतःच्या नावाला चिकटलेले असते, तिकिटावर दलालाने ते गाळलेले असते, आणि सभासदपत्रावर आडनाव आधी आलेले असते. यंत्राच्या दृष्टीने ही तीन माणसे! सुताराच्या मुलाने दुसऱ्या वर्षी सभासदत्व घेतले होते, पण नाव न जुळल्याने पुढल्या प्रवासांचे पॉइंट त्याच्या खाती पडलेच नव्हते. मागाहून मागणी करता येते, पण मुदतीत आणि विमानात चढण्याची चिठ्ठी जवळ असेल तर. ती चिठ्ठी त्याने दर वेळी विमानतळावरच टाकून दिली होती. पुस्तिकेचे पहिले पान आम्ही या नावालाच दिले.

दुसरा मुद्दा मैलाचा. पूर्वी किती लांब उडालात यावर हिशेब असे. डेल्टाने २०१५ पासून तो किती पैसे दिलेत यावर नेला, आणि एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून तोच मार्ग धरला. याचा अर्थ आमच्या माणसाला समजावून सांगावा लागला. सर्वांत स्वस्त तिकीट शोधून समुद्रापलीकडे जाणाऱ्या मजुरापेक्षा महागड्या तिकिटावर मुंबई–दिल्ली करणाऱ्या साहेबाच्या खाती जास्त पडते. मैल हा शब्द आता नावापुरता. म्हणून पुस्तिकेत आम्ही जाड टाइपात छापले की, पॉइंटांसाठी एक रुपयाही महाग तिकीट घेऊ नका. आधी रोख भाडे विचारा, मग पॉइंटांवरील तिकिटालाही जे कर आणि आकार रोख द्यावे लागतात ते विचारा, वजाबाकी करा आणि मगच ठरवा. एस.टी.त मार्च २०२३ पासून बाईला निम्मे तिकीट आहे. ती गेल्या महिन्यात कोणाच्या जीपने गेली होती हे वाहक तिला विचारीत नाही. ही सवलत आणि ते बक्षीस यांतला भेद आमच्या भगिनींनी बैठकीत एका वाक्यात सांगितला. आम्हांला त्यासाठी अर्धे पान लागले असते.

तिसरा मुद्दा मालकीचा, आणि तो संघटनेतल्या माणसाला फार जवळचा. तिकीट मालकाने काढले आणि प्रवास नोकराने केला, तर पॉइंट कोणाचे? जर्मनीत २००२ साली सरकारी कामाच्या प्रवासाचे मैल खासगी प्रवासाला वापरल्यावरून गदारोळ झाला आणि बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गीझी यांना पद सोडावे लागले. आपल्या केंद्र सरकारनेही कर्मचाऱ्यांना बजावले आहे की, सरकारी खर्चाच्या तिकिटावर मिळालेले पॉइंट सरकारी प्रवासालाच वापरायचे. हे समजण्यासारखे आहे. पैसा जनतेचा. पण पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी आमची मुले कंपनीच्या कामासाठी रविवारी पहाटे उठून विमान धरतात. त्या रविवारचा मोबदला कोणी देत नाही. ते मैल त्यांनी स्वतःकडे ठेवले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. मात्र नोकरीच्या अटी आधी वाचा, एवढे पुस्तिकेत लिहिले.

प्रत्येक पानाच्या तळाशी आम्ही ते पान कोणत्या तारखेला तपासले ते छापले आहे. नियम बदलला की ते पान फाडून नवे चिकटवायचे. पहिल्या छपाईतली तीन पाने आतापर्यंत बदलली. एक तर छापखान्यातून येण्यापूर्वीच शिळे झाले होते, आणि गुरुजींनी त्यावर लाल शाईने फुली मारून सगळ्या प्रती हाताने दुरुस्त केल्या. सुताराचा मुलगा दिवाळीनंतर पुन्हा गेला. यावेळी पारपत्र, तिकीट आणि सभासदपत्र ही तिन्ही त्याने जाण्यापूर्वी आमच्यासमोर जुळवून पाहिली. मागच्या सहा वर्षांचे काही मिळाले नाही. त्या मागणीचा कागद आम्ही पुस्तिकेच्या फाइलीत लावून ठेवला आहे. कंपनीचे उत्तर दोन ओळींचे आहे.